मुखवट्याचा माग

चोरी सोडून तो आता कुलपं दुरुस्त करायचा. ती सोडायला लावली होती त्याच्या मोठ्या बहिणीनेच. गेल्या महिन्यात संग्रहालयातला सोन्याचा प्राचीन मुखवटा आणि तिथे पहारेकरी असलेले भाऊजी एकाच दिवशी नाहीसे झाले, तेव्हा संग्रहालयाचे साहेब त्यालाच घेऊन ताईच्या घरी आले.

“चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक,” साहेब म्हणाले. “मुखवटा शोधून दे. तुझ्यावरचा जुना डागही पुसला जाईल.”

“शोध बाबा, पिठाचा डबासुद्धा सोडू नकोस,” लसूण सोलता सोलता ताई म्हणाली. “मुखवटा घेऊन हे कुठे उलथलेत, देव जाणे.”

त्याने एकही कपाट उघडलं नाही. धंद्यातला जुना डाव त्याला आठवत होता: वस्तू सापडली म्हणून ओरडायचं आणि घरच्या माणसाची नजर आधी कुठे जाते ते बघायचं. माल तिथेच असतो.

तो माळ्यावर चढला आणि खाली वाकून ओरडला, “मुखवटा सापडला!”

साहेब शिडीकडे धावले. ताई जागची हलली नाही. तिची नजर न्हाणीघरातल्या नव्या फरशीकडे गेली. त्याचीही गेली. माणूस आडवा झोपेल एवढ्याच जागेत ती बसवलेली होती.

“चुकलो, साहेब,” तो कसाबसा म्हणाला. “पितळेचं झाकण निघालं.”

साहेब चरफडत निघून गेले.


ताईने दाराला आतून कडी घातली. “तूही तिकडेच बघितलंस ना?” ती मायेने म्हणाली. “आता जेवूनच जा.”