पोटरीची मिठी

इजिप्तमधल्या सक्काऱ्यातलं आपलं थडगं तयार झालं तेव्हा इशेतीने बायकोला, इंतीला, मुद्दाम नेऊन भिंत दाखवली. भिंतीवर तो पुरुषभर उंच कोरलेला, गेरूने तांबडाबुंद रंगवलेला. त्याच्यापुढे चौरंगावर भाकऱ्या, भाजलेली बदकं, बिअरचे घडे. आणि खाली त्याच्या पोटरीला मिठी मारून बसलेली इंती, जेमतेम गुडघ्याएवढी.

"अहो, मला खायला काहीच नाही?"

"तुझे हात कुठे मोकळे आहेत खायला?" तो खो खो हसला. "मेल्यावर भिंतीवर कोरलंय तसंच जगायचं असतं. माझा पाय सोडायचा नाही, कळलं?"

चारचौघांत तिच्या कमरेत बसायचा तो हाच पाय.

नाईलच्या पुढच्या पुराच्या दिवसांत इशेती मेला एकदाचा. इंतीने लगेच पाथरवटाला बोलावून घेतलं.

"बाई, तुमचं चित्र मोठं करू ना आता?"

"नको. मिठी आहे तशीच राहू दे. फक्त तो चौरंग गिलाव्याने बुजव आणि पलीकडच्या भिंतीवर कोर."

"एवढ्या लांब? मालक पोचणार कसे तिथे?"



"कसे पोचतील? पाय सोडायचा नाही, असं बजावलंय त्यांनी मला."