एक लाइन कमी

"एक लाइन कमी करून नवी किल्ली बनवा," साहेब म्हणाले. "आपल्याच ऑफिसची आहे म्हणून इतके दिवस राहून गेलं. माणूस नाही तर लाइन कशाला?" मग आवाज उतरवून म्हणाले, "ताई, मन घट्ट करा."

धाकटी मान हलवून आपल्या टेबलाशी आली. ऑफिसात तिला सगळे धाकटीच म्हणत, कारण समोरच्या टेबलावर थोरली बसायची. तिची अक्का. सख्ख्या बहिणी, दोघींनी लग्न केलं नाही, घर एक आणि कामही एक: फोनच्या सॉफ्टवेअरच्या किल्ल्या, म्हणजे परवान्याचे कोड, बनवायचं. होस्टिंगवाल्या कंपन्या ते सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर चालवत आणि दुकानांना, दवाखान्यांना फोनच्या लाइनी भाड्यानं देत. किती लाइनी चालतील ते किल्ली ठरवायची. आकडा बदलायचा तर जुन्या किल्लीला हात लावता येत नाही. नवी बनवायची, ती बसली की जुनी मेली. या ऑफिसचे फोनसुद्धा अशाच एका होस्टिंगवाल्याकडून चालत.

अक्का गेल्यावर तिच्या टेबलावरचा फोन कुणी हलवला नव्हता. धाकटी रोज सकाळी आल्या आल्या तो नंबर लावी. समोर चार रिंगा वाजत आणि मग कानात अक्का बोले, "मी जागेवर नाही. कामाचं असेल तर सांगून ठेवा, नुसतीच आठवण आली असेल तर आधी जेवून घ्या." तेवढं ऐकलं की धाकटीचा दिवस सुरू होई. रिंग सगळ्यांना ऐकू जायची. बोलायचं मात्र कुणी नाही.

आता तोही आवाज जाणार होता. पण एक वाट होती. किल्लीत फक्त आकडा असतो, नाव नसतं. आकडा एकानं घटला की कुठली लाइन तोडायची ते सॉफ्टवेअर स्वतःच ठरवतं. जिच्यावर सगळ्यांत जास्त काळ कुणाचाही फोन आलेला नाही, ती जाते. उचलला नाही तरी चालतं, रिंग वाजली पाहिजे. आणि केलेले फोन धरत नाहीत, आलेलेच धरतात. होस्टिंगवाल्यांना हे लिहून समजावता समजावता तिची बोटं झिजली होती. साहेबांना वाटत होतं, अक्काचीच लाइन तुटणार. पण अक्काला तर रोज फोन येत होता! जाईल ती स्टोअररूमची, धाकटीनं मनाशी म्हटलं. तिथे कोण मरायला फोन करतंय?

तिनं किल्ली बनवून पाठवली. पूर्वी होस्टिंगवाले फोनवरून भांडत, घरचं विचारत, तेही अक्कालाच. हल्ली सगळं लिहूनच चाले. जेवणाची सुट्टी संपता संपता उत्तर आलं, "बसवली. एक लाइन बंद झाली."

धाकटीनं रिसीव्हर उचलून अक्काचा नंबर दाबला. कानात काही नाही. समोरचा फोन वाजला नाही. तिनं पुन्हा दाबला, पुन्हा तेच. आपल्याच हातानं अक्काला घालवलं, असं पुटपुटत ती जिना उतरून स्टोअररूमकडे धावली.

"मामा, तुमचा फोन चालू आहे?"

"न चालून सांगतो कुणाला?" स्टोअरचे मामा म्हणाले. "कागद संपला, मामा. पेन संपलं, मामा. सकाळपासून कान किटले. तुला काय झालं गं? बस जरा."

ती बसली नाही. मामांच्या फोनवरून तिनं अक्काचा नंबर लावला. चार रिंगा, आणि मग, "मी जागेवर नाही..." धाकटीला आनंदानं रडूच आलं. 'जेवून घ्या'पर्यंत तिनं सगळं ऐकलं.

मग गेली कुणाची?

तिनं स्वतःचा नंबर लावला. एक अनोळखी बाई गोड आवाजात म्हणाली, "आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही."

दिव्याखाली अंधार तो असा. आपल्याला शेवटचा फोन कुणी केला होता, ते ती आठवत राहिली. अक्कानंच. हाकेच्या अंतरावर बसून हाक न मारता अक्का फोन करायची, "चहाला येतेस का?" आणि धाकटीनं गंभीरपणे रिसीव्हर उचलला की समोर खुदुखुदु हसायची. त्यानंतर कुणीच नाही.

ती वर आली तेव्हा साहेब केबिनच्या दारातच होते. "बंद झाली का?"

"झाली."

"बरं झालं. मग तो फोन काढून मामांकडे जमा करा."

"करते," धाकटी म्हणाली. तिनं आपल्या फोनची वायर भिंतीतून उपसली आणि नीट फोनभोवती गुंडाळली. टेबलावर फोनखालची तेवढी जागा स्वच्छ होती, बाकी धूळ.

तेवढ्यात अक्काच्या टेबलावरचा फोन वाजला.

सगळ्यांनी सवयीनं धाकटीकडे पाहिलं. ती वायर गुंडाळलेला फोन छातीशी धरून उभी होती. अक्काच्या फोनच्या बारक्याशा पडद्यावर अक्कानंच कधीतरी भरलेलं नाव उमटलं होतं: धाकटी.

चौथ्या रिंगनंतर अक्कानं फोन घेतला.