खुर्चीमागचा माणूस

"काय रे गिधाडा, पाय नाही दुखत?" व्हर्नाने मान न वळवता विचारलं.

"दुखतात ना, मावशी. तुम्ही उठलात की बसतो."

ड्वेन सकाळपासून तिच्या खुर्चीमागे उभा होता. जुगाराच्या मशीनच्या माथ्यावर बक्षिसाचा लाल आकडा मुंगीच्या पावलाने चढत होता. चारशे सत्त्याण्णव डॉलर. पाचशेच्या आत बक्षीस फुटायलाच हवं, असा त्या मशीनचा नियम. बाकीचे लोक कॅसिनोत नशीब आजमावायला येतात; ही दोघं अशी पिकायला आलेली मशीनं हुडकत रीनो शहरभर हिंडतात. हुडकणारे उदंड झालेत आणि मशीनं मोजकीच उरलीत. म्हणून एक बसला की दुसरा मागे तळ ठोकतो. बसलेल्याला लघवीला लागेल, नाहीतर त्याचे पैसे संपतील, या आशेवर. खुर्ची रिकामी झाली की जो बसेल त्याची. त्यावरून कुणी भांडत नाही. मनातल्या मनात शिव्या घालतात, एवढंच.

व्हर्नाने घरभाड्यातले पैसे आत ओतले होते. आता उठली असती तर ते ड्वेनच्या घशात गेले असते. म्हणून सकाळी इन्सुलिन टोचून आलेली ही बाई दुपार झाली तरी जेवली नव्हती.

"खाऊन या की दोन घास. मी सांभाळतो मशीन."

"हो का? घराची चावीपण देऊ?"

ड्वेन हसला. व्हर्ना हसली नाही. थोड्या वेळाने तिचा हात संथ झाला, मग ती एका बाजूला कलायला लागली. ड्वेन पुढे झेपावला. खुर्चीत बसायला नव्हे. त्याने तिला काखेत धरून अलगद गालिच्यावर टेकवलं, रखवालदाराला हाक मारली आणि बारकडे धावत सुटला.

संत्र्याचा रस घेऊन तो परतला, तर खुर्चीत निळ्या जाकिटातली एक बाई बसलेली. व्हर्नाच्या शिल्लक पैशांची छापील चिठ्ठी तिने मशीनमधून काढून व्हर्नाच्या मांडीवर नीट ठेवली होती. परक्या पैशाला हात लावणाऱ्यांतली ती नव्हती. खुर्चीची गोष्ट वेगळी.

ड्वेनने एकदा लाल आकड्याकडे पाहिलं. मग गुडघे टेकून त्याने पेला व्हर्नाच्या ओठांना लावला.

दुसरा पेला संपता संपता तिची नजर ठिकाणावर आली. रखवालदार म्हणाला, अँब्युलन्स निघालीय. तेवढ्यात वर घंटा खणखणली आणि निळ्या जाकिटाने आनंदाने टाळी वाजवली.

"गेलं," ड्वेन म्हणाला.

"माझं गेलं, तुझंही गेलं," व्हर्ना म्हणाली. "पण मला काय होतंय ते तुला कळलं कसं रे?"

ड्वेन ओशाळला. "तुमच्याकडेच तर बघत होतो. एवढ्या गारव्यात तुम्हाला घाम फुटला. बोट बटणावर नाही, बाजूच्या काचेवर दाबत होतात. खरं सांगू? आधी आनंदच झाला मला. वाटलं, आता उठताय."

व्हर्नाला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. "माझ्या लग्नातसुद्धा माझ्याकडे इतका वेळ कुणी बघितलं नव्हतं." तिने त्याचा हात घट्ट धरला. "तुझे उपकार आहेत, बाबा. तू नसतास तर मी खेळता खेळताच गेले असते."

"असू दे हो, मावशी."

तिने वर निळ्या जाकिटाकडे पाहिलं, ड्वेनची कॉलर धरून त्याचा कान खाली ओढला आणि कुजबुजली, "शेजारच्या स्पार्क्स गावाच्या रस्त्यावरचं किराणा दुकान. आत बर्फाच्या पेटीमागे एक जुनं मशीन आहे. काल रात्री चारशे शहाण्णववर होतं."

ड्वेन तिच्याकडे बघतच राहिला. या गावात लोक पैसे उसने देतील, पण असा पत्ता सख्ख्या भावाला देत नाहीत.

"मला कशाला सांगताय?"

"दुसरं काय आहे माझ्याकडे द्यायला? बघत काय बसलास, पळ मेल्या! मला उभं राहता आलं की मीपण तिकडेच निघणार आहे."