छतावरची पाकट

मृण्मयीची हळद ऐन रंगात आली असताना वादळाचा भोंगा वाजला आणि कुबलांचं घर, गावातल्या सगळ्या घरांसारखं, पाकट माशाच्या सवयीने खाडीच्या तळाशी जाऊन वाळूत रुतून बसलं. मृण्मयीला त्याचं नवल नव्हतं. तिचा जन्मच अशा घरातला. छतावरच्या दोन भोकांतून घर पंपाने पाणी ओढायचं आणि त्यातून सगळ्यांना श्वासापुरती हवा काढून द्यायचं.

पण थोड्याच वेळात पाहुण्यांना धाप लागू लागली. मृण्मयीने छताच्या काचेतून पाहिलं, तर एक भलीमोठी, खरीखुरी पाकट दोन्ही भोकांवर ऐसपैस पसरली होती.

"छत हलवून तिला हाकलू या," काका म्हणाले.

"नको, बिथरली तर काटा मारेल," मृण्मयीने अडवलं. " तिला आपल्या तारांमधली वीज जाणवतेय. वाळूतलं भक्ष्यही ती असंच हुडकते. सगळी वीज बंद करा."

"म्हणजे पंपही?" आईने विचारलं.

"पंपही, आई."

अंधार झाला. हळदीचे हात एकमेकांत गुंफून सगळे बसून राहिले. अखेर वर काहीतरी सळसळलं, काचेतून हिरवट उजेड झिरपला आणि पाकट डौलात निघून गेली. पंप सुरू होताच टाळ्यांचा कडकडाट झाला.

तेवढ्यात शेजारच्या घरातून नवरदेवाचा फोन आला. "अगं, आमच्या छतावर काहीतरी येऊन बसलंय! जीव घुसमटतोय."

मृण्मयी खळखळून हसली. "घाबरू नकोस, हेरंब. आमच्याकडून करवली पाठवलीय. आधी सगळी वीज घालव, म्हणजे ती उठेल!"