हातोडी वाजली की

या, जरा जवळ सरका. ज्या कानाची गावभर ख्याती होती, त्याची ही गोष्ट.

वडिलांच्या गॅरेजात क्रँकशाफ्ट दोराने हुकाला टांगलेला होता. क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनाचा कणाच. लेकीने तो शर्यतीच्या मोडीत निघालेल्या गाडीतून आणला होता. जुन्या शाफ्टपेक्षा हलका, पोलादही जास्त चिवट. आजोबांच्या वेळची मोटार घेऊन ती डोंगररस्त्यावरच्या शर्यतीत उतरणार होती.

पण हातोडीने वाजवून पाहिल्याशिवाय या गॅरेजात शाफ्ट बसत नसे. निर्दोष शाफ्ट घंटेसारखा घुमतो. आत भेग असली तर आवाज बसका निघतो. अशी भेग डोळ्यांना दिसत नाही. भर वेगात शाफ्ट तुटला, तर चालवणाऱ्याच्या जिवावर बेततं. वडिलांच्या हातून तडकलेला शाफ्ट कधी सुटला नव्हता. लोक त्यांना कानसेन म्हणत.

वडिलांनी हातोडी मारली आणि दाराकडे पाहिलं. दार रिकामं होतं. पुन्हा मारली, पुन्हा दाराकडे पाहिलं. लेकीने पाठीमागून विचारलं, बसवायचा ना? वडिलांनी तिसऱ्यांदा हातोडी उचलली.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. तोवर हातोडी वाजली की ती हातातलं काम टाकून, ओले हात पुसत त्या दारात येऊन उभी राहायची. वडील चारचौघांत चिडवायचे, "आल्या बघा आमच्या इंजिनीअरबाई."

लेक वैतागून समोर आली. "बाबा, दारात काय बघताय सारखं? शाफ्ट चांगला आहे की नाही, एवढंच सांगा."

वडील तिच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी हातोडी तिच्या हातात दिली.

"तूच वाजव. मला कित्येक वर्षं धड ऐकू येत नाही, बाळा."

"मग आजवर कसं…"

"तुझ्या आईच्या कपाळावर आठी पडली, की मी शाफ्ट बाजूला ठेवायचो. तिला कधी सांगितलं नाही. पण हातोडी वाजली की ती यायचीच."

लेकीने डोळे पुसले आणि हातोडी मारली. वडील तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिच्या कपाळावर हळूच आठी उमटली. अगदी आईची.

"दुसरा बघू," म्हणत वडिलांनी दोराची गाठ सोडली.

देवाचं नाव घ्याल, तेव्हा दारातल्या त्या माउलीचीही आठवण ठेवा.