चिमूटभर तंबाखू

उत्खननाच्या चाळणीत तंबाखूची चिमूट दिसताच सर ओरडलेच, "पोटावाटोमींचा नैवेद्य! शेकडो वर्षांपूर्वीचा!"

पोटावाटोमी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीतली त्यांची एकमेव विद्यार्थिनी मात्र खजील. अमेरिकेतल्या या तळ्याकाठी आपल्या पूर्वजांची एक तरी खूण सापडावी म्हणून पोरगी महिनाभर माती उपसत होती, आणि हाती लागली होती नुसती बाटल्यांची बुचं.

"सर, ती माझीच. काल ठेवलेली."

बाकीच्या विद्यार्थ्यांत हशा पिकला. एक जण म्हणाला, "घ्या! पूर्वज कालच येऊन गेले!"

"खणण्याआधी मातीला तंबाखू द्यायची, असं आजीनं शिकवलंय," ती रडवेली होऊन म्हणाली.

"आणि आजीला?" सरांनी विचारलं.

"तिच्या आजीनं."

सरांनी तंबाखू तिच्या ओंजळीत परत दिली. नमुन्यासाठीच्या रिकाम्या पिशवीवर मघाशी घाईघाईनं लिहिलेलं 'जुनी प्रथा' त्यांनी खोडलं नाही. खाली फक्त लिहिलं, 'अजून चालू.'