ऐकणारी

कॅमेरा सुरू झाला, की इवन आजोबा फक्त मेंढ्यांबद्दल बोलायचे. वारलेल्या बायकोचा, मोरागचा विषय निघाला, की उठून शेगडीत लाकूड सारायचे. माहितीपट शिकायला स्कॉटलंडला आलेल्या ऋजुताची त्यांच्या बेटावरची ही शेवटची दुपार होती आणि हाती काहीच लागलं नव्हतं.

तेवढ्यात कराडहून आईचा व्हिडिओ कॉल आला. मागे बसलेले आजोबा दिसताच आईने विचारलं, "ते जेवले का गं?"

ऋजुताने ते इंग्रजीत सांगितलं. आजोबांनी खुर्ची फोनजवळ ओढली. मग म्हणाले, "मोराग गेल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं."

ऋजुताचा हात कॅमेऱ्याकडे गेला नाही. तिने सूप गरम करून त्यांच्यापुढे ठेवलं. ते संपवून आजोबाच म्हणाले, "लाव तो कॅमेरा. पण आईला फोनवरच राहू दे. मी तिला सांगतो."

मोरागबद्दल ते संध्याकाळपर्यंत बोलत होते. आईला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, तरी ती मान डोलावत "हं... हं..." करत राहिली.

पुढे संकलनाच्या वेळी सरांनी तो आवाज काढून टाकायला सुचवलं. ऋजुताने एकही "हं" काढला नाही.